बिनखाडा २६३२: आपल्या गल्लीत पोरांचा बेसबॉल कसा सुरू करायचा

आमच्या आजोबांच्या तोंडात एक शब्द कायम असायचा, खाडा. मिलमध्ये कामाला होते, भोंग्याच्या आधी गेटवर हजर, आणि पगाराच्या दिवशी आजी पैसे मोजायच्या आधी विचारायची की खाडे किती पडले. ज्या महिन्यात एकही नाही त्या महिन्यात आजोबा जरा ताठ चालायचे, एवढंच. कॅल रिपकेनबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजोबाच आठवले, कारण हा गडी अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या ओरिओल्स टीमकडून सलग २६३२ मॅच खेळला, एकही खाडा नाही. ३० मे १९८२ ला सुरुवात आणि थांबला १९९८ च्या सप्टेंबरमध्ये, तेही कुणी बसवला म्हणून नाही, स्वतःच कोचला सांगितलं की आज मी बसतो.

सोलापुरात बेसबॉल कोण बघतं, असं लोक मला विचारतात. बघत नाही कुणी, मान्य. पण मी गेली सहा वर्षं विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीच्या बाजूला पोरापोरींना हा खेळ शिकवतोय, शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळलो होतो त्या जोरावर, आणि आता दुसऱ्या पेठांमधले, बार्शी-पंढरपूरकडचे लोक फोन करून विचारतात की आम्हालापण चालू करायचंय, कसं करू. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढतो.

आधी रिपकेनचं थोडं सांगतो, कारण आमची सगळी पद्धत त्याच्याकडं बघून बसवलेली आहे. मेरीलँड राज्यातल्या ॲबर्डीन नावाच्या छोट्या गावात वाढला. बाप पण ओरिओल्समध्येच कोच, सीनियर म्हणायचे त्यांना, खालच्या टीममधल्या नव्या पोरांना घडवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. १९८७ मध्ये तर बाप मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, आणि दोन्ही पोरं, कॅल आणि बिली, एकाच टीममध्ये. पुढच्या वर्षी सीझनच्या पहिल्या सहा मॅच हरल्या की लगेच बापाला काढलं. टीम तशीही सलग २१ हरली, मॅनेजर बदलून काय फरक पडला नाही, आणि पोरगा मात्र त्याच टीममध्ये दुसऱ्या दिवशी खेळायला उभा. मला ही गोष्ट रेकॉर्डपेक्षा मोठी वाटते.

करिअरचे आकडे थोडक्यात: १९८१ ते २००१, २१ सीझन, सगळे एकाच टीमकडून. ३१८४ हिट (बॉल मारून बेस गाठला), ४३१ होमरन (एका फटक्यात पूर्ण फेरी), १९८३ आणि १९९१ ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू, २००७ ला हॉल ऑफ फेम. त्याची जागा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली (बेस म्हणजे पळताना गाठायचे टप्पे), आपल्याकडं पॉइंटला चपळ पोरगा लावतात ना तसली जागा, आणि हा सहा फूट चार इंचाचा. एवढा उंच माणूस तिथं चालणार नाही असंच सगळे धरून चालायचे. ६ सप्टेंबर १९९५ ला त्यानं लू गेरिग या जुन्या खेळाडूचा २१३० सलग मॅचचा विक्रम मोडला, जो ५६ वर्षं टिकला होता. मॅच २२ मिनिटं थांबली, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि हा मैदानाच्या कडेकडेनं प्रेक्षकांशी हात मिळवत फिरला. गेरिग एएलएस नावाच्या आजारानं गेला होता, स्नायू निकामी करणारा आजार, आणि त्या आजारावरच्या संशोधनासाठी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रिपकेन आणि गेरिग अशा दोघांच्या नावानं निधी उभा राहिला.

खेळ सोडला त्याच २००१ साली दोघा भावांनी वडलांच्या नावानं फाउंडेशन काढलं. सीनियर १९९९ ला गेले होते. फाउंडेशन काय करतं, तर ज्या वस्तीत पोरांना खेळायला जागाच नाही तिथं मैदान बांधून देतं, अशी शंभरच्या वर मैदानं झाली आता. त्यातलं एक बाल्टिमोरमध्येच जुन्या मेमोरियल स्टेडियमच्या जागेवर आहे. कॅल स्वतः १९९१ पर्यंत तिथं खेळला, नंतर ते पाडलं, आणि आज तिथं वस्तीतली पोरं खेळतात.

आपल्याकडं मैदान बांधायला पैसा नाही. हजेरी मात्र आहे, आणि ती फुकट आहे. म्हणून पहिलं काम सांगतो.

वेळ ठरवा आणि ती मोडू नका

बॅट, बॉल, ग्लोव्ह याच्या आधी एक शंभर पानी वही घ्या आणि वेळ ठरवा. आमची सकाळी सहा ते साडेसात, सोमवार ते शनिवार. उन्हाळ्यात साडेपाच, कारण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४३ च्या वर जातो आणि आठ वाजताच उन्हाचा चटका बसायला लागतो, त्या उन्हात पोरं पळवणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ. पण जी वेळ सांगितली त्या वेळेला तुम्ही गेटवर पाहिजे म्हणजे पाहिजे. पहिल्या वर्षी मी एका आठवड्यात दोनदा गेलो नाही, भाच्याचं लग्न होतं, कुणाला सांगितलंपण नाही. परत गेलो तर बावीस पोरांतली नऊ. बाकीची कुठं गेली विचारलं तर एक पोरगी म्हणाली, सर आम्हाला वाटलं बंद पडलं, सगळंच बंद पडतंय की इथं. त्या पोरीनं ते अगदी सहज म्हटलं, तक्रार म्हणून नाही, आणि तेच मला जास्त लागलं. तेव्हापासून बाहेरगावी जायचं असेल तर दोन दिवस आधी सांगतो आणि जुन्या पोरांपैकी एकाकडं वही आणि किल्ली देतो, पण मैदान उघडतंच.

वहीत पोरांची हजेरी पोरांनीच मांडायची, आणि सगळ्यात वर तुमचं स्वतःचं नाव. सर आले नाहीत तर सरांचा खाडा. आमच्याकडं महिनाअखेर बिनखाड्याच्या पोरांची नावं फळ्यावर लिहितो, बक्षीस वगैरे काही नाही, तरी त्या फळ्यासाठी पोरं तापातसुद्धा यायला बघतात, त्यामुळं आजारी असेल तर खाडा धरायचा नाही हा नियम नंतर करावा लागला. तो तुम्ही पहिल्या दिवसापासूनच करा.

जागा

महापालिकेच्या किंवा संस्थेच्या शाळेचं मैदान बघा, सकाळी शाळा भरायच्या आधी रिकामं असतं. मुख्याध्यापकांना साधं पत्र द्या: कोण, किती वाजता, किती पोरं, झाडलोट कोण करणार, आणि काच फुटली तर भरून कोण देणार. शेवटचं वाक्य नक्की लिहा, होकार त्याच्यावरच मिळतो. होम मैदान, पार्क असल्या मोठ्या जागांच्या मागं लागू नका, होम मैदानावर जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, महिनाभर पाळणे आणि स्टॉल, आणि क्रिकेटवाले आधीपासून आहेतच. पोरं जिथं राहतात तिथून चालत पोचता येईल अशी जागा पाहिजे, रिक्षाला पैसे लागले की पोरी पहिल्या गळतात.

बॅटशिवाय सुरू करा

लोक इथंच अडकतात. बेसबॉल म्हटलं की आधी किट, किटला पैसे, पैशाला देणगीदार, आणि सहा महिने त्यातच जातात. बेसबॉल फाइव्ह नावाचा प्रकार आहे, जागतिक बेसबॉल-सॉफ्टबॉल संघटनेनं काढलेला, त्याला फक्त एक रबरी बॉल लागतो. पाच-पाच जणांची टीम, पाच इनिंग, बेसमधलं अंतर १३ मीटर, बॉल हातानं मारायचा, तळव्यानं किंवा मुठीनं. बॉल आधी आतल्या चौकोनात टप्पा पडून गेला पाहिजे, उडवून बाहेर मारला की आउट, फाउल, म्हणजे रेघांच्या बाहेर, गेला की आउट. यामुळं ताकदवान पोरगा एकटा मॅच खाऊन टाकत नाही. आणि त्याच्या मोठ्या स्पर्धांमध्ये मैदानात किमान दोन मुली आणि दोन मुलगे पाहिजेतच असा नियम आहे, तो मी पहिल्या दिवसापासून लावतो.

फक्कीनं चौकोन आखा, १३ मीटर मोजायला टेप नसेल तर सुतळी मोजून गाठी मारून ठेवा. तीन महिने हेच खेळा. पळणं, फेकणं, कधी थांबायचं, तीन आउट, सगळा खेळ पोरांना यातूनच कळतो.

आमचे बेस आम्ही घरीच केलेत. मी दिवसा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, तिथं डागी आणि काठ उसवलेला माल कोपऱ्यात पडलेला असतो, मालकांना विचारून आणला. जाड ताडपत्रीच्या पंधरा इंची चौकोनी पिशव्या शिवल्या, त्यात ते टॉवेलचे तुकडे ठासून भरले आणि तोंड सुतळीनं शिवून टाकलं. पाय घसरत नाही, घोटा मुरगळत नाही, पावसात भिजले की उन्हात टाकायचे. सोलापुरात प्रत्येक पेठेत कुणीतरी शिलाईवाला आहे, सगळ्या देशाला शाळेचे युनिफॉर्म शिवून देणारं गाव आहे हे, तेव्हा बेस आणि जर्सीसाठी बाहेरून माल मागवायची काही गरज नाही.

क्रिकेटची सवय कशी मोडायची

आपली पोरं रिकाम्या हातानं येत नाहीत, गल्ली क्रिकेट अंगात मुरलेलं असतं. त्याचा फायदा लई आहे, बॉलला घाबरत नाहीत. पण चार गोष्टी वारंवार सांगाव्या लागतात.

एक म्हणजे बॅट टाकून पळायचं. क्रिकेटमध्ये बॅट घेऊन पळतात, इथं बॅट खाली सोडायची, फेकायची नाही, सोडायची. आमच्या एका पोरानं पळताना बॅट मागं भिरकावली ती कॅचरच्या, म्हणजे मागं बॉल पकडणाऱ्याच्या, हनुवटीला लागली, तीन टाके. चूक माझी, मी पोरांना उभं करून पन्नास वेळा नुसतं मारा-सोडा-पळा करून घ्यायला पाहिजे होतं, आता घेतो. हेल्मेटशिवाय बॅट हातात द्यायची नाही हापण तेव्हापासूनचा नियम.

दुसरं, मागं मारलेला बॉल चालत नाही. लेट कट, स्कूप सगळं फाउल. पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या रेघांच्या आतच मारायचं, आणि आत गेला की पळायलाच लागतं, नको म्हणता येत नाही.

तिसरं ग्लोव्ह. उजव्या हातानं फेकणारा पोरगा ग्लोव्ह डाव्या हातात घालतो, हे दहापैकी आठ जणांना उलटं वाटतं, बॉल पकडायला चांगला हात उजवाच ना सर, असं म्हणतात. मग फेकणार कुठल्या हातानं बे, असं विचारलं की हसतात आणि बदलतात.

चौथं म्हणजे जमिनीवरून येणारा बॉल, आणि इथं थांबून शिकवा. पाय खांद्यापेक्षा रुंद, गुडघे वाकलेले, कंबर खाली. ग्लोव्ह आधीच जमिनीला टेकवलेला, बॉल आल्यावर खाली न्यायचा नाही, कारण खालून वर येणं सोपं आणि वरून खाली जायला उशीर होतो. मोकळा हात ग्लोव्हच्या वर उघडा, मगरीच्या जबड्यासारखा, बॉल आत आला की जबडा बंद आणि दोन्ही हात पोटाशी. डोळे बॉलवर, बेसकडं बघायचं ते बॉल हातात आल्यावर. आमची एक सातवीतली पोरगी आहे, रोज भिंतीवर बॉल मारून हे पन्नास वेळा करते, आईच्या विड्या वळून होईपर्यंत. आई खाली बसून पान कापते, मधेच मान वर करून तिला म्हणते, कंबर खाली, कंबर. ऐकून ऐकून तिलापण पाठ झालंय.

सीनियर रिपकेन याच गोष्टीचे वेडे होते. सराव नुसता करून भागत नाही, बरोबर केला तरच उपयोग, असं ते शिकवायचे. चुकीचं शंभर वेळा केलं तर चूकच पक्की होते. म्हणून वीस पोरांना मोठी मॅच खेळवण्यापेक्षा चार-चारचे गट करून हेच करून घ्या.

खांदा आणि कोपर

बॅट-बॉलवर आलात की पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, तयार होतो, आणि जो बरा टाकतो त्यालाच सगळे टाकायला लावतात. करू नका. अमेरिकेतल्या लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान पोरांच्या बेसबॉलमध्ये, नियम आहे: ७-८ वर्षांच्या पोराला दिवसाला ५० बॉल, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५, त्याच्या पुढं फक्त समोरचा बॅटर संपेपर्यंत. वाढत्या वयात कोपराची हाडं पक्की झालेली नसतात. आमच्याकडं एक जण नुसता बॉल मोजायला बसतो, प्रत्येक बॉलला एक चिंचोका डब्यात. अंतरपण मोठ्यांचं लावू नका. मोठ्यांचे बेस ९० फुटांवर असतात, बारा वर्षांपर्यंत ६० फूट बास, आणि पिचर बॅटरपासून ४६ फुटांवर.

घरच्यांशी बोलणं

विडी वळणाऱ्या घरात एक पोरगी तासभर बाहेर गेली की हजार विड्यांच्या हिशेबात तेवढी घट येते, आणि ती घट आईच्या मजुरीतून जाते. हे समजून न घेता मुलींना पाठवा म्हणून भाषण देऊ नका. मी प्रत्येक घरी गेलो, उंबऱ्यावर बसलो, चहा घेतला. अक्का, सहा ते साडेसात, कारखान्यात विड्या द्यायच्या वेळेआधी घरात असेल, मी स्वतः गल्लीच्या तोंडापर्यंत सोडतो, एवढंच सांगितलं. घरात तेलुगू बोलत असतील तर तेलुगू येणारं कुणीतरी बरोबर न्या, कन्नड असेल तर कन्नड, मोहल्ल्यात जायचं तर तिथल्याच एखाद्या खालांना पुढं करा. सोलापूर असंच आहे, चार भाषा आल्या तर चार दारं उघडतात.

मैदान संपलं की अर्धा तास शाळेच्या वऱ्हांड्यात अभ्यास. खेळ हवा असेल तर हे पण, दोन्ही एकत्रच. रिपकेननं खेळत असतानाच बाल्टिमोरमध्ये मोठ्या माणसांना लिहायवाचायला शिकवायच्या कामाला हात दिला होता, त्यावरून सुचलं. आता तीन आया पण येऊन बसतात, बँकेचा फॉर्म भरायला शिकायचं म्हणून.

त्याच्या फाउंडेशनचा आणखी एक कार्यक्रम आहे ज्यात पोलीस पोरांबरोबर खेळतात, त्यांचे मार्गदर्शक होतात. आम्ही आमच्या चौकीतल्या एका हवालदारांना रविवारी बोलावलं. पहिल्यांदा पोरं भिंतीला चिकटून उभी. त्यांनी बूट काढून पहिला बॉल हुकवला आणि मग सगळं मोकळं झालं. तुम्हीपण बोलवा, फक्त भाषण करायला नको, खेळायला.

पैसा

पहिलं वर्ष संस्था काढू नका. एक वही, जमा आणि खर्च, कुणीही मागितली तर दाखवायची. ग्लोव्ह जुने चालतात, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या कॉलेजांमध्ये पडून असतात, विनंती केली तर देतात, चामडं कडक झालं असेल तर खोबरेल तेल अगदी बोटभर लावून बॉल आत बांधून ठेवा. हेल्मेट मात्र जुनं, तडा गेलेलं घेऊ नका.

देणगी घेताना एक सांभाळा. एकांनी आम्हाला वीस हेल्मेट देतो म्हणून कार्यक्रम लावला, बॅनर, हार, पोरांना दोन तास उन्हात बसवलं, फोटो काढले आणि हेल्मेट काय आली नाहीत. पोरं महिनाभर विचारत होती. आता आधी वस्तू मैदानावर, मग फोटो, आणि पोरांना उन्हात बसवायचं नाही, कुणीही येवो.

दोन वर्षं टिकलात की नोंदणी करा. १८६० च्या कायद्याखाली संस्था करायची तर किमान सात सभासद लागतात, पुढं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी, दोन्हीचं काम धर्मादाय कार्यालयात होतं. मग पॅन, बँक खातं, आणि आयकर खात्याकडच्या दोन नोंदण्या, ज्यांना बारा-ए आणि एटी-जी म्हणतात. एटी-जी असलं की देणाऱ्याला करात सवलत मिळू शकते. कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे समाजकामासाठी ठेवलेल्या, पैशासाठी २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो. सातही सभासद असे निवडा जे सकाळी सहाला मैदानावर येऊ शकतात.

शाळेतल्या पोरांना सॉफ्टबॉलच्या शालेय स्पर्धेत उतरवा, जिल्हा, विभाग, राज्य अशी वाट आहे. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी कुठली स्पर्धा आणि कुठलं प्रमाणपत्र धरतात ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी विचारून घ्या, आणि सगळी प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये तुमच्याकडं एक प्रत ठेवा, घरकुलाच्या पावसाळ्यात कागद टिकत नाहीत.

पावसाचा दिवस राहिला. पाऊस पडला म्हणून सुट्टी देऊ नका. गेट उघडा, वऱ्हांड्यात उभं राहून ग्लोव्हशिवाय मगरीचा जबडा करून घ्या, नियम विचारा, वही काढा. मागच्या जुलैत एका सकाळी एवढा कोसळत होता की मला वाटलं कुणीच येणार नाही. सहाला दोन मिनिटं कमी असताना ती भिंतीवाली पोरगी आली, डोक्यावर खताची पिशवी, मागं तिचा धाकटा भाऊ. तिनं वही घेतली, आधी माझ्या नावापुढं बरोबरची खूण केली, मग स्वतःच्या.